तासाच्या भाड्याची गाडी



आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां अगदीं नव्या युगाचा आहे. पुणें, मुंबई, नागपूर यांसारख्या शहरांत मोटारगाडी तासांच्या हिशोबानें भाड्यानें मिळते, आणि तीहि चालकावांचून. मोबाईलवर गाडी निवडावी, परवाना दाखवावा, पैसे भरावे, ठरलेल्या जागेवरून गाडी ताब्यांत घ्यावी, स्वतः चालवावी आणि ठरलेल्या घटकेस परत आणून ठेवावी, अशी ही व्यवस्था आहे. यवतमाळ जिल्ह्यांतील किती तरी घरांतलीं मुलें शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं या शहरांत राहतात. दिवाळीला, लग्नकार्याला किंवा घरांतील वडीलधाऱ्यांच्या आजारपणांत तीं अशी गाडी घेऊन नागपुराहून बुटीबोरी, वर्धा, देवळी, कळंब या वाटेनें घरीं येतात. स्वतःची मोटार बाळगण्याचा खर्च नको आणि निकडीच्या वेळीं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणें नको, अशी दुहेरी सोय तींत आहे. तेव्हां या सोयीला नांवें ठेवण्यासाठीं मी आज बोलत नाहीं.

मला सांगावयाचें आहे तें इतकेंच, कीं ही सोय नवी असली तरी तिच्या पोटांत दडलेला प्रश्न फार जुना आहे. वाहन एकाचें, लगाम दुसऱ्याच्या हातीं, आंत बसणारे तिसरेच आणि रस्त्यानें पायीं चालणारा चौथा. अशा वेळीं अपघात झाला, वस्तु बिघडली किंवा वेळ टळली, तर जबाबदारी कोणाची? या प्रश्नाला निरनिराळ्या काळीं निरनिराळीं उत्तरें मिळालीं आहेत. तीं क्रमानें पाहिलीं म्हणजे आजच्या भाडेकऱ्यानें कसें वागावें हें बव्हंशीं आपोआप उमगेल.

भाड्यानें घेतलेल्या वस्तूचा विचार आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं बारकाईनें केलेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मागून आणलेली वस्तु आणि भाड्यानें आणलेली वस्तु यांचा नियम एकत्र सांगितला आहे. जशी घेतली तशीच ती परत करावी, हा त्यांतील मुख्य दंडक; दैवी आपत्तीनें ती नष्ट झाली तर मात्र घेणाऱ्यावर भार नाहीं. नारदस्मृति याच्याहि पुढें जाते. माल नेण्यासाठीं गाडी किंवा जनावर भाड्यानें ठरवून मग तें न नेणाऱ्यानें भाड्याचा चौथा हिस्सा द्यावा, आणि अर्ध्या वाटेंत सोडून देणाऱ्यानें पुरें भाडें द्यावें, असें ती सांगते. आज ठरविलेली गाडी ऐनवेळीं रद्द केली म्हणजे कांहीं रक्कम कापली जाते, आणि तरुण मंडळी त्या कापणीला नव्या जमान्याची लूट म्हणतात. रक्कम अवाजवी असेल तर तक्रार अवश्य करावी. पण तत्त्व मात्र नवें नव्हे. आपल्यासाठीं अडवून ठेविलेलें वाहन त्या वेळीं दुसऱ्या कोणाच्या उपयोगीं पडलें असतें, हें नारदाला दिसत होतें.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत वाहनाच्या अपघाताचा विचार आहे. त्या ग्रंथांतील वर्णभेदावर आधारलेले दंड आजच्या न्यायबुद्धीला मान्य होणारे नाहींत, आणि होऊंहि नयेत. परंतु अपघाताच्या प्रकरणांत जबाबदारीची जी वांटणी तेथें केली आहे, ती लक्षांत घेण्याजोगी आहे. वेसण तुटली, जूं मोडलें, आंस किंवा चाक मोडलें, कासरा तुटला, अथवा गाडीवानानें 'बाजूला व्हा' अशी हांक दिली होती, अशा प्रकारच्या दहा प्रसंगीं दंड नाहीं. पण गाडीवानाच्या अकुशलतेमुळें गाडी वाट सोडून गेली आणि इजा झाली, तर दोनशें पणांचा दंड गाडीच्या मालकाला. गाडीवान कुशल असूनहि चुकला, तर दंड गाडीवानाला. आणि गाडीवान अकुशल असतांना जे आंत बसले, त्या प्रत्येकाला शंभर पणांचा दंड! मालक, चालक आणि बसणारा या तिघांच्या जबाबदाऱ्या येथें वेगळ्या काढून मांडल्या आहेत. चालविणारा कच्चा आहे हें दिसत असतांना "चल रे, कांहीं होत नाहीं" असें म्हणून मागच्या आसनावर बसणाऱ्या मित्रांनीं ही शेवटची ओळ ध्यानांत ठेवावी.

आतां आपल्या वऱ्हाडाकडे येऊं. १८५३ च्या तहानें वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळीं वणीच्या नांवानें ओळखला जाई. यवतमाळ हें नांव जिल्ह्याला १९०५ सालीं मिळालें. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपूरला पोंचला, परंतु तो गेला बडनेरा, धामणगांव, पुलगांव, वर्धा असा, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या बाहेरून. यवतमाळला जवळचें स्टेशन धामणगांव, आणि तें सुमारें २९ मैलांवर. पुढें मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची गाडी आली, तोंवर आगगाडी गांठावयाची म्हणजे धामणगांवची सडक तुडविण्यावांचून गत्यंतर नव्हतें. बैलांच्या ताशीं अडीच-तीन मैलांच्या चालीनें हा प्रवास दहा-बारा तासांचा होई.

या वाटेवर मालाला बंडी आणि माणसांना छकडा, दमणी किंवा रेंगी. रेंगी म्हणजे हलकी, चपळ बैलांची, दोघां-तिघांपुरती गाडी. प्रत्येकाच्या दारीं बैलजोडी असे असें नाहीं. ज्याच्यापाशीं एकच बैल, तो शेजाऱ्याच्या एका बैलाशीं सावड करी. ज्याच्यापाशीं तोहि नसे, तो बंडी मागून आणी किंवा भाड्यानें घेई. या देवघेवीला लेखी करार नव्हता, परंतु रीत होती. बैलांना ढेप-सरकी वेळेवर घालावी, चढणीवर माणसांनीं उतरून चालावें, आंसाला वंगण पाहावें, ठरल्यापेक्षां ओझें चढवूं नये, आणि परत करतांना वाटेंत कांहीं दुखलें-खुपलें असेल तर तें लपवूं नये, असें जाणते लोक मानीत. ही रीत मोडणाऱ्याला शिक्षा कोणती? तर पुढच्या खेपेला बंडी मिळत नसे. गांवांत सगळे सगळ्यांना ओळखीत असल्यामुळें लौकिक हीच अनामत होती. बैल थकला तर तो मान टाकी, तोंडाला फेंस आणी. वाहन स्वतःच बोलत असे. आजच्या मोटारीला ही वाचा नाहीं आणि आजच्या मालकाला भाडेकऱ्याचा चेहराहि ठाऊक नाहीं. म्हणून जें काम पूर्वीं लौकिकानें व जनावराच्या डोळ्यांनीं केलें, तें आज भाडेकऱ्याच्या सद्सद्विवेकाला करावें लागतें.

इंग्रजी अमलांत ही रीत कायद्याच्या भाषेंत आली. १८७२ च्या भारतीय करार कायद्यांत, दुसऱ्याची वस्तु विशिष्ट कामापुरती ताब्यांत घेण्याच्या व्यवहारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि तें आजहि लागू आहे. त्याचें १५१ वें कलम म्हणतें, कीं साधारण शहाणा मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी या वस्तूची घेतली पाहिजे. १५४ वें कलम ठरलेल्याहून निराळ्या वापराबद्दल आहे, आणि तें समजावून देण्यासाठीं कायदा करणाऱ्यांनीं दोन घोड्यांचीं उदाहरणें दिलीं आहेत. पहिल्यांत एकानें दुसऱ्याला केवळ त्याच्या स्वतःच्या बसण्यासाठीं घोडा दिला. त्यानें तो घरांतल्याच एका माणसाला बसावयास दिला. त्या माणसानें घोडा जपून चालविला, तरी घोडा अकस्मात् पडला व जायबंदी झाला. नुकसान भरून देण्याची जबाबदारी घोडा नेणाऱ्याची! दुसऱ्या उदाहरणांत एकानें कलकत्त्यास घोडा भाड्यानें घेतला तो काशीस जाण्यासाठीं म्हणून, आणि नेला कटकला. याहि स्वारानें काळजी घेतली होती. तरी घोडा पडतांच भरपाई त्याच्यावर आली. पुढें १६१ व्या कलमानें सांगितलें, कीं वस्तु वेळेवर परत केली नाहीं, तर त्या घटकेपासून तिच्या हानीचा भार ठेवून घेणाऱ्यावर.

याचबरोबर मालकालाहि कायद्यानें सोडलेलें नाहीं. १५० वें कलम म्हणतें, कीं भाड्यानें दिलेल्या वस्तूंतील दोषामुळें घेणाऱ्याला इजा झाली, तर तो दोष मालकाला ठाऊक असो वा नसो, तो जबाबदार आहे. तेथेंहि उदाहरण गाडीचेंच आहे: गाडी धोक्याची होती, मालकाला तें माहीत नव्हतें, बसणाऱ्याला दुखापत झाली, मालक जबाबदार. भाडें घेणें म्हणजे वस्तूच्या धडपणाची हमी घेणें, असा याचा अर्थ.

यानंतर टांग्यांचा काळ येतो, आणि आजच्या विषयाच्या दृष्टीनें तो सर्वांत मोलाचा आहे. मुंबईत भाडोत्री गाड्यांचा कायदा १८६३ सालींच झाला होता. १८७९ सालीं मध्यप्रांतासारख्या इतर मुलुखांतील नगरपालिकांसाठीं हॅक्नी कॅरेज ॲक्ट नांवाचा कायदा झाला. त्यानें नगरपालिकांना कोणकोणते नियम करण्याचा अधिकार दिला, ती यादी वाचतांना आपण आजच्या मोबाईलवरील अटीच वाचीत आहों असें वाटतें. परवान्यावांचून गाडी भाड्यानें देऊं नये व हांकूं नये. गाडीला क्रमांक असावा. हांकणाऱ्यानें बिल्ला लावावा. सूर्यास्तानंतर दिवे असावे. बसणाऱ्यांची संख्या व सामानाचें वजन मर्यादेंत असावें. दरांचें छापील पत्रक गाडीच्या आंत लावलेलें असावें. गाडींत विसरलेली चीजवस्तु जमा करण्याची सोय असावी. भाड्यावरून तंटा झाला आणि मॅजिस्ट्रेट त्या वेळीं कचेरींत बसलेला असला, तर गाडी तशीच कचेरीकडे नेण्यास गिऱ्हाइकानें सांगावें आणि टांगेवाल्यानें न्यावी, अशीहि तरतूद त्यांत होती.

परंतु या यादींत एक बारीकसें वाक्य आहे आणि माझ्या आजच्या सांगण्याचें सारें मर्म त्यांत आहे. भाडें अंतरावर घ्यावें कीं वेळेवर, हे दोन्ही प्रकार कायद्यानें मानले. आणि जेथें गाडी वेळेच्या भाड्यानें घेतली असेल, तेथें ती निदान किती वेगानें हांकली पाहिजे हें ठरविण्याचा अधिकार दिला. निदान किती, फार तर किती नव्हे! कारण उघड आहे. टांगा तासावर ठरला कीं टांगेवाल्याचें हित घोडा रमतगमत चालण्यांत. जितका वेळ अधिक तितका पैसा अधिक, आणि घोड्यालाहि विसांवा. गिऱ्हाईक आंत चुळबुळ करीत आहे आणि घोडा आपला ठुमकत चालला आहे, हें चित्र कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असलें पाहिजे.

आतां आजची व्यवस्था पाहा. भाडें तेंच, तासाचें. पण टांगेवाला जागेवर नाहीं. लगाम गिऱ्हाइकाच्याच हातीं आला आहे. त्याबरोबर लोभाची दिशाहि उलटली. हळू जाण्यांत आतां कोणाचेंच हित उरलें नाहीं. तास वाचला कीं पैसा वाचला. १८७९ सालीं कायद्याला सांगावें लागलें कीं "फार रेंगाळूं नकोस". आज सांगावें लागतें कीं "इतका धांवूं नकोस". आणखी एक गोष्ट झाली. टांगेवाला घोड्याचा कैवारी म्हणून गाडींत हजर असे. पांचवी सवारी चढूं लागली, कीं तो हात आडवा करी. खड्ड्यांतून घोडा दामटा म्हटलें, तर तो ऐकत नसे, कारण घोडा ही त्याची भाकर होती. भाड्याचें तट्टू ही आपल्या भाषेंत निंदेची उपमा झाली खरी, पण त्या तट्टाला निदान एक धनी जवळ होता. आजच्या भाडोत्री मोटारींत मालकाची बाजू बोलणारें कोणीच बसलेलें नसतें. स्मृतिकारांनीं ज्या तीन भूमिका वेगळ्या केल्या, त्यांपैकीं चालक आणि बसणारा एकच झाला, आणि मालक दिसेनासा झाला.

हें स्थित्यंतर एका दिवसांत झालें नाहीं. मुंबईत १९११ च्या सुमारास टॅक्सी सुरू झाल्या. मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ सालचा, त्यानंतरचा १९३९ सालचा. १ जून १९४८ रोजीं पुणें आणि त्या वेळचें अहमदनगर यांमध्यें राज्य परिवहनाची पहिली गाडी धांवली. एका वाहनाचा खर्च अनेकांनीं मिळून सोसावयाचा, ही तिची कल्पना. आणि योगायोग असा, कीं त्याच १९४८ सालीं युरोपांत स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरीं कांहीं रहिवाशांनीं 'सेफागे' नांवाची एक सहकारी मंडळी काढली. मोटार प्रत्येकाला परवडणारी नव्हती. म्हणून मोटार सर्वांची मिळून घ्यावी आणि आळीपाळीनें स्वतः चालवावी, असा तिचा बेत होता. आमच्याकडे चालक एक आणि बसणारे अनेक. त्यांच्याकडे वाहन एक आणि चालविणारे अनेक. एकाच अडचणीचीं हीं दोन उत्तरें.

झुरिकच्या त्या बीजाला पुढें बऱ्याच फांद्या फुटल्या. १९७४ सालीं ॲम्स्टरडॅम शहरांत विजेवर चालणाऱ्या चिमुकल्या सामायिक गाड्यांचा 'विटकार' नांवाचा प्रयोग झाला. १९८७ सालीं स्वित्झर्लंडमध्यें अशा दोन सहकारी संस्था निघाल्या व १९९७ सालीं त्या एक होऊन 'मोबिलिटी' ही मोठी संस्था झाली. अमेरिकेंत २००० सालीं केंब्रिज येथें दोन स्त्रियांनीं 'झिपकार' स्थापन केली. येथें एक भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. सहकारी मंडळींत गाडी आपल्याच चौघांची असे. म्हणून ती मळकी परत करणें म्हणजे आपल्याच ओळखीच्या माणसाला त्रास देणें. गांवांतल्या बंडीसारखाच हा प्रकार. धंदा वाढला, अनोळखी माणसें आलीं, आणि लौकिकाची जागा अनामत रकमेनें घेतली.

आपल्या देशांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ७५ व्या कलमानें, स्वतः चालविण्यासाठीं मोटारी भाड्यानें देण्याच्या धंद्याचे नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. त्याप्रमाणें १९८९ सालीं योजना निघाली. अशा धंद्याचा परवाना हवा असणाऱ्यानें निदान ५० मोटारी बाळगाव्या, अशी अट तींत घातली होती. एकट्या-दुकट्या गाडीवर हा धंदा होऊं नये, मागें कांहीं ऐपत व देखभालीची व्यवस्था असावी, हा त्याचा हेतु. १९९७ सालीं दुचाकींसाठींहि योजना झाली; गोव्यांत हिंडणारीं प्रवासी मंडळी अशा दुचाक्यांवर पुष्कळ दिसतात. मोबाईलवरून तासावारी मोटार देण्याचा प्रकार २०१३ पासून, बंगलोरच्या 'झूमकार'पासून, आपल्याकडे रूढ होत गेला.

या गाड्या ओळखण्याची खूण सोपी आहे. घरगुती मोटारीची पाटी पांढरी व अक्षरें काळीं. टॅक्सीची पाटी पिवळी व अक्षरें काळीं. स्वतः चालविण्यासाठीं भाड्यानें द्यावयाच्या गाडीची पाटी काळी व अक्षरें पिवळीं. ही खूण केवळ शोभेची नाहीं. कोणी ओळखीचा मनुष्य आपली पांढऱ्या पाटीची घरगुती मोटार "तासाला इतके द्या आणि घेऊन जा" म्हणून देऊं लागला, तर ती स्वस्त पडते असें वाटेल. परंतु घरगुती मोटारीच्या विम्यांत भाड्यानें वापरण्याला सामान्यतः जागा नसते. सर्व सुरळीत झालें तर कोणाला कळत नाहीं. अपघात झाला म्हणजे विमा कंपनी हात झाडूं शकते, आणि मग जखमी झालेल्या परक्या माणसाच्या भरपाईसाठीं घरदार पणाला लागतें. कोणाची म्हैस आणि कोणाला उठबैस, अशी ती गत होते. म्हणून गाडी ताब्यांत घेण्यापूर्वीं पाटी, नोंदणीचें पुस्तक, विमा यांवर नजर फिरविणें हें भाडेकऱ्याचें पहिलें कर्तव्य होय.

दुसरें कर्तव्य स्वतःची परीक्षा. तासावर गाडी घेणारा बहुधा वर्षांतून चार-सहा वेळांच चाक हातीं धरणारा असतो. परवाना खिशांत असला तरी हात बसलेला असतोच असें नाहीं. आणि प्रत्येक वेळीं गाडी निराळी मिळते. ब्रेक किती दाबावा, दिवे कोठून लावावे, मागचें किती दिसतें, हें मोकळ्या जागेंत पाव तास फिरवून समजून घ्यावें आणि मगच हमरस्त्यास लागावें. तो पाव तास भाड्याचा गेला तरी तो सर्वांत सार्थकीं लागलेला पाव तास समजावा. टायर, दिवे, कांचा व पूर्वींचे ओरखडे पाहून त्यांचीं छायाचित्रें घ्यावींत. यांत अविश्वास नाहीं. कौटिल्याच्या 'जशी घेतली तशी परत' या नियमाचा तो पुरावा आहे.

तिसरें कर्तव्य घड्याळाशीं झगडण्याचें. येथें शाळेंतला साधा हिशोब उपयोगी पडेल. नागपूर ते यवतमाळ अंतर सुमारें १५० किलोमीटर. सरासरी ताशीं ६० च्या वेगानें अडीच तास लागतात. ७५ च्या वेगानें दोन तास. वांचला तो अर्धा तास. परंतु गाडी थांबविण्यासाठीं जी शक्ति खर्चावी लागते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे वेग सव्वापट झाला कीं ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारें अंतर जवळ जवळ दीडपटीहून अधिक होतें. अर्ध्या तासाचें भाडें एका पारड्यांत आणि तें वाढलेलें अंतर दुसऱ्या पारड्यांत ठेवून पाहा. आणि आमच्या जिल्ह्यांतील रस्ते तुम्हांला ठाऊकच आहेत. कापसाच्या हंगामांत संध्याकाळीं भरलेली बंडी दिव्यावांचून पुढें जात असते. धुरकऱ्याच्या पाठीशीं कापसाची गंजी, त्याला मागचें दिसत नाहीं. पांढरकवड्याकडे किंवा आर्णी-उमरखेडच्या बाजूला रोही आणि रानडुकरें अंधारांत एकाएकीं आडवीं येतात. तो धुरकरी तुमच्या करारांत सामील नाहीं, तुमच्या घड्याळाशीं त्याचा संबंध नाहीं, आणि तरी तुमच्या घाईची किंमत त्यालाच प्रथम द्यावी लागते. यावर उपाय एकच: गाडी घेतेवेळींच लागेल असें वाटतें त्याहून दोन तास अधिक मागून घ्यावे. उशीर होणारच असेल, तर वाटेंत थांबून मालकाला कळवावें आणि वाढीव पैसे मुकाट्यानें द्यावे. वेळ विकत घेतां येतो. दुसऱ्याचा हात-पाय विकत घेतां येत नाहीं.

चौथें कर्तव्य त्या दोन घोड्यांच्या गोष्टींत आलेंच आहे. गाडी ज्याच्या नांवावर घेतली त्यानेंच चालवावी. यवतमाळला पोंचल्यावर चुलतभाऊ म्हणतो, "दादा, एक चक्कर मारून येतों". नाहीं म्हणणें जड जातें. पण घरांतल्या माणसाला दिलेला तो पहिला घोडा आठवावा. आणि तो भाऊ अल्पवयीन असेल, तर गोष्ट नुसत्या भरपाईवर थांबत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुलाच्या हातून गुन्हा घडला असतां पालकाला किंवा वाहनाच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे. परवाना नसलेल्याच्या हातीं किल्ली देणें हाहि वेगळा गुन्हा आहे. तसेंच ठरल्याबाहेरच्या मुलुखांत गाडी नेणें म्हणजे काशीचा घोडा कटकला नेणें होय. मद्य घेऊन चालविण्याबद्दल निराळें बोलण्याची गरज नसावी.

दुर्दैवानें अपघात झालाच, तर गाडी सोडून पळून जाण्याचा मोह भाडोत्री गाडींत अधिक होतो, कारण ती आपली नव्हे. परंतु १९८८ च्या कायद्याचें १३४ वें कलम मालकाकडे पाहत नाहीं, चालकाकडे पाहतें. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणें आणि लवकरांत लवकर, निदान २४ तासांच्या आंत, पोलिसांना कळविणें हें त्याचें काम आहे. जमावाच्या क्षोभामुळें जागेवर थांबणें अशक्य असलें, तरी कळविण्याचें कर्तव्य सुटत नाहीं. विमा कंपनीला व मालकालाहि खरी हकीकत कळवावी. लपविलेल्या ओरखड्याचा दंड दुसऱ्या निरपराध भाडेकऱ्यावर बसतो. लपविलेल्या ब्रेकच्या दोषाचा दंड कदाचित् त्याच्या प्राणांवर.

हा पुढचा भाडेकरी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. टांग्यांतून उतरणाऱ्याला पुढच्या सवारीची फिकीर करण्याचें कारण नव्हतें; ती फिकीर टांगेवाला करी. आतां ती आपल्यावर आली आहे. टाकींत ठरलेलें इंधन ठेवणें, चिखल व खरकटें काढणें, टायर बसल्यासारखा वाटला तर तसें नोंदवून ठेवणें, आणि मुख्य म्हणजे वेळेवर पोंचणें, हीं कामें कोणाच्या तरी उपयोगाचीं आहेत. रात्रीं अकरा वाजतां तुम्ही परत करावयाच्या गाडीची वाट कोणी आजारी आईला गांवीं नेण्यासाठीं पाहत असेल. तुमचा एक तासाचा उशीर तिच्या घरच्या मंडळींना फार लांबचा वाटेल.

मालक कंपन्यांनाहि दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीं तर हा उपदेश एकतर्फी होईल. १८७९ च्या कायद्यानें टांगेवाल्याकडून दरांचें छापील पत्रक मागितलें, आणि तेंहि स्थानिक लोकांच्या भाषेंत. आज अटींचीं लांबलचक पानें इंग्रजीत असतात व तीं कोणी वाचीत नाहीं. उशिराचा दंड, अनामत परत करण्याची मुदत, नुकसान ठरविण्याची रीत हीं मराठींत व थोडक्यांत सांगावीं. उशिराबद्दल दंड असावाच. पण तो इतका जबर नसावा, कीं घाबरलेला मनुष्य अंधारांत भरधाव सुटेल. अशा दंडानें कंपनी आपले कांहीं रुपये वांचविते आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला धोक्यांत घालते. आणि गाडी धड असल्याची हमी ही १५० व्या कलमानें मालकावर टाकलेली जबाबदारी आहे, हें तिनें विसरूं नये.

सारांश, स्मृतिकाळांत मालक, गाडीवान व प्रवासी हे तीन वेगळे होते. टांग्याच्या काळींहि ते वेगळेच राहिले, आणि त्यांच्यावर नगरपालिकेचा बिल्ला होता. आतां चाक हातीं घेणारा मनुष्य एकाच वेळीं गाडीवान आहे, प्रवासी आहे, आणि परत करीपर्यंत मालकाचा मुनीमहि आहे. त्यानें भाडें दिलें तें तासांचें. रस्ता सर्वांचा, गाडी दुसऱ्याची आणि पुढचा तास तिसऱ्याचा, हें मनांत ठेवून ज्यानें गाडी नेली आणि आणली, त्यानें आपल्या वऱ्हाडांतली बंडीची जुनी रीतच पाळली असें मी म्हणेन. अशा माणसाला पुढच्या खेपेला गाडी देतांना कोणीहि हात आंखडता घेणार नाहीं.